पारोळ्याच्या पापांची कबुली

पास्कलभाऊ दर शुक्रवारी पारोळ्याच्या सभापतीची पापं कबूल करायचे, आणि तीही मस्कतच्या चर्चमध्ये.

आम्ही दोघं एकाच पाइपलाइनच्या कंपनीत. मी जळगावचा, ते पारोळ्याचे. त्यांचे वडील मिशनची गाडी चालवायचे, तेव्हापासून घर कॅथलिक. शुक्रवारी सुट्टी, कॅम्पात भिंती बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर चर्चला जायचो. कबुलीच्या जाळीशी, पलीकडे बसलेल्या फादरच्या कानात, लोक कुजबुजतात. पास्कलभाऊ गरजायचे. त्यामुळे बाहेरच्या बाकावर मला पारोळ्याची बित्तंबातमी मिळे.

"फादर, टँकर इकी टाका त्यानी, हॉटेलवालाले. बठ्ठी गल्ली हंडा लई उभी शे."

केरळचे फादर हिंदीत समजवायचे, "ये तुम्हारा पाप नहीं है."

"मग तो आठे येनार शे का कबुली देवाले?"

शेवटी सुटका करून घ्यायला फादर प्रायश्चित्त म्हणून दहा नमो मरिया, म्हणजे मरियेच्या प्रार्थना, सांगत. सभापतीच्या वतीने पास्कलभाऊ त्या दातओठ खात म्हणत.

ऐंशीच्या दशकातली गावाकडची ती कोरडी वर्षं. परतताना रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर पाइपाने पाणी सोडलेलं दिसे आणि पास्कलभाऊ बसच्या काचेवर मूठ आपटत. "गवतले पानी. गवतले." आधी मला हसू यायचं. मग माझंही डोकं तापू लागलं. गाव तहानलेलं आणि टँकर हॉटेलच्या दारात, याची चीड येत नसेल तर माणूस कसला?

मे महिन्यात आमच्यातला एक वेल्डर रजेवरून परतला. त्याने सांगितलं, भाऊंची आई, मार्थाअक्का, टँकरपाशी भरल्या हंड्यासकट पडली. खुबा मोडला. घरात ती एकटीच.

त्या शुक्रवारी जाळीशी काहीच ऐकू आलं नाही. परतताना काचेवर मूठही आपटली नाही. मी विचारलं, "भाऊ, आज कोणाचं पाप?"

"मनं सोतानं. माय बोलनी व्हती, उन्हायामा घर ये. मी ओव्हरटाइम धरा."

"फादर काय म्हणाले?"

"बोलना, हाई पाप नही शे. मायसाठेच कमावस तू." आता त्यांचा आवाज चढला. "सभापतीना पापले दहा नमो मरिया. मना पापले एक बी नही."

त्यांनी खिशातून जपमाळ काढली आणि कोणी न सांगता पुटपुटू लागले. कॅम्प आला, तोवर दहा कधीच होऊन गेल्या होत्या.