माझ्या स्टुडिओतली गुरगुर

आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! रेकॉर्डिंगचं काम करून करून माझे कान असे तयार झालेत की शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं, तर त्यांच्याआधी मला कळतं. स्टुडिओ घरातच आहे. एक खोली, भिंतींना जाड गाद्या, टेबलावर माइक. बोलणाऱ्याला खेटून मी हेडफोन लावून बसतो. मागे एका भाषणात कुत्र्याचं भुंकणं शिरलं, तेव्हा रेडिओच्या साहेबांनी दम भरला, "पुन्हा असं झालं तर तुमचं काम बंद!" कुत्रा भुंकणार आणि बोलणी मी खायची!

त्यात परवा मेहुणी जेवायला आली. ती पोटाची डॉक्टर. लोकांच्या ताटात डोकावणं हा तिचा धंदाच. माझ्यापुढचा पाव-लोणी बघून म्हणाली, "भाऊजी, आतड्यातल्या जिवाणूंना तुम्ही उपाशी मारताय."

"मी? मी कुणाला मारतोय?"

"आतड्याच्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. तो जिवाणूंना अस्तरापासून लांब ठेवतो. भाज्या, फळं, कडधान्यं यांतला चोथा खाऊन जिवाणू जे तयार करतात, त्यावर अस्तर पोसतं, थरही टिकतो. चोथा मिळाला नाही, की त्यातले काही तो थरच खायला लागतात."

माझं डोकंच फिरलं! जन्मभर फुकट राहायला जागा दिली, दोन वेळा खायला घातलं, आणि हे घरमालकाच्या भिंती खाणार?

"अहो, पूर्ण ऐका तरी. चोथा वाढवायचा म्हणजे..."

"कळलं!" म्हणत मी ताडकन उठलो. पावाचा शेवटचा तुकडाही तसाच टाकला. अपमान म्हणजे अपमान!

आज सकाळी मात्र सूड उगवला. वाडगाभर उकडलेला राजमा, त्यावर ओट्स, कच्चा कोबी आणि सालासकट सफरचंदं. म्हटलं, खा मेल्यांनो, हवं तेवढं खा, पण भिंतींना हात लावाल तर याद राखा!

मग मेहुणी आली. जिवाणूंवरचंच तिचं भाषण आज संध्याकाळी रेडिओवर लागणार होतं आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी बटण दाबलं.

"नमस्कार. आपल्या आतड्याच्या अस्तरावर एक नाजूक थर असतो..."

गुर्रर्र!

"थांब! हा फ्रिज!" मी धावत जाऊन फ्रिज बंद केला. पुन्हा सुरुवात. नाजूक थरापर्यंत आलो आणि पुन्हा गुर्रर्र, तेही लांबलचक! मी ओरडलो, "अगं, नळ सोडलास का?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "नळाला पाणीच नाहीये!"

"मग पाइपमधली हवा असेल!"

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा माझी खात्रीच पटली. वरच्या मजल्यावरचे काका कपाट सरकवत होते! मी जिने चढून त्यांच्या दारावर थापा मारल्या. ते हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले.

"काका, माझं काम जाईल! कपाट ठेवा जागेवर!"

"माझ्या घरात कपाटच नाही!" काका भडकले आणि खात्री करून घ्यायला चपला न घालताच माझ्यामागोमाग खाली आले.

आता काम शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. माइक हातात घेतला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची पट्टी उघडली. नळापाशी माइक नेला. पट्टी शांत. भिंतीपाशी नेला. शांत. काकांपाशी नेला, तर ते नुसते दात-ओठ खात होते, त्याचा आवाज येत नाही.

"आता बोला!" काका म्हणाले.

मी माइक पोटाशी धरला, दुसरा हात छताकडे केला आणि ठणकावून सांगितलं, "आवाज वरूनच..."

गुर्रर्रर्रर्र! पट्टी लालभडक झाली! बायकोही स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. सगळे माझ्या पोटाकडे बघत होते, जसं काही मी तिथे कुणाला लपवून ठेवलंय!

"भाऊजी," मेहुणी शांतपणे म्हणाली, "सकाळी काय खाल्लंत?"

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "चोथा हळूहळू वाढवायचा असतो, हेच त्या दिवशी सांगत होते. तुम्ही उठून गेलात!"

"आता काय करायचं? संध्याकाळी भाषण लागायचंय!"

"तुम्ही बाहेर बसा," बायको म्हणाली आणि माझ्या कानावरचे हेडफोन काढून स्वतःच्या कानावर चढवले. माझा स्टुडिओ, माझी खुर्ची आणि मी जिन्यात! शेजारी काका बसले होते, पहाऱ्याला.

भाषण वेळेवर गेलं. रात्री साहेबांचा फोन आला.

"आजवरचं तुमच्याकडचं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग! कुणी केलं?"

"बायकोने."

"वा! यापुढे त्यांनाच बसवा. तुम्ही... हॅलो? ही घरघर कसली येतेय?"

खरं बोलायला माझी काही हरकत नव्हती. पण माणसाला काही अब्रू असते की नाही?

"काही नाही साहेब," मी म्हणालो, "वरचे काका कपाट सरकवतायत."