मिठाचा संशय

बुगडे सर आधी तुमचे हात हुंगतात, मग नमस्कार घेतात. कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत नवा माणूस आला की हा कार्यक्रम दारातच उरकतो. "भडंग खाऊन आलाय न्हवं? भाईर!"

सरांचा जीव एका पाण्यात अडकलाय. त्यात ठरावीक रसायनं मिसळली की ते आपोआप लाल होतं, मग निळं, पुन्हा लाल. सर ते बारीक काचनळीत भरून भल्यामोठ्या चुंबकाच्या यंत्रात उतरवतात आणि आत काय चाललंय ते संगणकावरच्या रेघांवरून ओळखतात. "डोळं फसवत्यात की. चुंबक न्हाय!" पण पाण्यात जरा मीठ गेलं की सगळा खेळ बंद. म्हणून जो दिसेल त्याला सर विचारतात, "मीठ कुणाचं?" शेजारच्या टेबलावर बसण्याच्या अपराधाबद्दल माझ्या मिशांवरसुद्धा त्यांनी एकदा भिंग धरलं होतं.

गेल्या महिन्यात पाणी रोज दुपारच्या सुट्टीनंतर रुसायला लागलं. रेघा हलेनात. सरांनी काचसामान धुणाऱ्या मालनबाईंना धरलं, आणि बाईंना इथून काढा, असं प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगूनही आले.

"पोरांची आण सर, म्या हात बी लावल्याला न्हाय!" बाई रडकुंडीला आल्या.

मला भयंकर राग आला. शिवाय मला सरांचाच संशय येत होता, कारण सुट्टीत त्या खोलीला आतून कडी असायची.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी बाईंना घेऊन दाराच्या काचेशी उभा राहिलो. आत सर त्या पाण्याच्या उघड्या भांड्याशेजारी डबा मांडून बसले होते. भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. घास घ्यायचे, बोटं झटकायचे आणि पाण्याशी काहीतरी बोलायचे. पाणी निळं झालं की मान डोलवायचे. चटणी भांड्यात उडत होती, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

मी दार वाजवलं. सरांनी कडी काढली. माझी नजर भांड्याकडे, मग चटणीकडे गेली आणि मागोमाग त्यांचीही. त्यांचा चेहरा पडला.

"माझंच व्हय?"

मग कुणी न विचारताच म्हणाले, "घरातली गेल्यापास्नं एकट्याला घास उतरत न्हाय. ह्ये निदान समोर हलतंय तरी."

मला वाईट वाटलं. मालनबाईंनी मात्र सरळ डबा उचलला, व्हरांड्यातल्या आपल्या बाकड्यावर नेऊन ठेवला.

"उद्यापास्नं हितं जेवा सर. मी बी एकटीच असती. खरं आदी सायबास्नी जाऊन सांगा."

सर खाली मान घालून गेले. ते परत येईपर्यंत बाईंनी आपला डबा उघडला नाही.