निवांतपणाचं प्रात्यक्षिक

"'निवांत' शब्दाचा खरा अर्थ या गावात कोणालेच ठाऊक नाही. आज मी दाखवून देतो!" फेटा बांधता बांधता रिटायर मास्तर डोमनलाल पटल्यांनी बायकोला बजावलं.

"आंग टाकून पडणं, अजून काय?" रामकली म्हणाली. "तेवढं तं तुमाले जमते."

डोमनलालांनी तिच्या अज्ञानाची कीव केली. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात सूर नाही, हातात ताल नाही. पण घरी शब्दकोश होता! रामनवमीच्या सप्ताहातलं दुपारचं कीर्तन त्यांनी मंडळाच्या मागे लागून मिळवलं होतं. ते रंगलं, तर पुढच्या वर्षी शेवटच्या दिवसाचं, मानाचं काल्याचं कीर्तन त्यांचंच! अध्यक्ष शालीकरामांनी कागदावर नाव लिहिलंही होतं. पक्कं मात्र आजच्या आरतीनंतर.

भारनियमनामुळे लाइट दोन ते चारच. मंडपात कुलर घोड्यासारखा फुरफुरत होता. डोमनलालांनी समोर निरांजन ठेवलं.

"मायबापहो! निवांत आला 'निवात'मधून. निवात म्हणजे जिथं वारा नाही ती जागा! तिथं ज्योत हलत नाही, मन हलत नाही. पाहा!"

लोकांनी पाहिलं. ज्योत वरातीतल्या मामासारखी नाचत होती!

"कुलर बंद करा!"

केला. तरी ज्योत हलेच.

"कनाती पाडा!"

पाडल्या. मंडप चुलीवरच्या भाताच्या गंजासारखा वाफाळला. बाया पदराने वारा घेऊ लागल्या.

"पदर आवरा!"

पेटीवाल्या दुधरामचा हात भात्यावरच थबकला. "बुवा, पेटीतूनही हवा निघते. वाजवू का नाही?"

"नको!"

"मंग मी आलो कायले?"

आरतीआधी कीर्तनातून उठणं म्हणजे पाप. त्यामुळे सगळं गाव जागच्या जागी शिजत होतं. अखेर ज्योत सरळ उभी राहिली! तेवढ्यात म्हाताऱ्या रुख्माबाईंनी डोळे फिरवले.

"पाहा! रुख्माबाईची समाधी लागली!"

"समाधी नोहे, चक्कर होय!" रामकली ओरडली. तिने नवऱ्यासमोरचं निरांजन उचललं, ताटात ठेवलं आणि खड्या आवाजात आरतीच सुरू केली! सारा मंडप उभा राहिला. एवढ्या वेगानं आरती त्या गावात कधी झाली नव्हती.

रुख्माबाई पाणी पिऊन सावरल्या. सगळे कुलरकडे धावले. बटन दाबलं. चार वाजून गेले होते.

कनाती उचलल्या, तर बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

"अवो, आता सांगा अर्थ," रामकली म्हणाली.

डोमनलालांनी आशेनं शालीकरामांकडे पाहिलं. पुढच्या वर्षीच्या नावांच्या कागदाची चौघडी करून ते त्यानंच वारा घेऊन राहिले होते!