धुडकूनाना आणि आगीचा बंब

आमच्या गल्लीत सकाळी कोंबडा आरवत नाही. तो बिचारा मान ताणून तयार असतो, तेवढ्यात धुडकूनाना घंटा बडवतो. ही घंटा देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. आगीच्या बंबाची घंटा, चांगली पितळी, पाणी तापवायच्या पातेल्याएवढी. ढण ढण ढण! माझ्या हातातला चहा रोज थोडा बशीत आणि थोडा लेंग्यावर पडतो. आमची ही म्हणते, "लेंगा बदलण्यापेक्षा शेजार बदला." पण घर बाप-आजोबांचं, भिंतीला भिंत लागून. बदलणार कुठे?

धुडकूनाना म्हणजे आमच्या गावचा मिरची-कपाशीवाला शेतकरी. दोंडाईच्याहून आमच्या गावाकडे वळलात की पहिली गल्ली आमची. लोक लिलावातून काय आणतात? पंखा आणतील, लोखंडी कपाट आणतील. नानाने एका नगरपालिकेच्या भंगाराच्या लिलावातून आख्खा आगीचा बंब आणला. साखळीने ट्रॅक्टरला बांधून, ओढत. पुढे ट्रॅक्टर, मागे बंब, आणि बंबाच्या स्टेअरिंगवर डोक्यात पिवळं हेल्मेट घातलेला नाना. गाव नुसतं लोटलं बघायला.

"नाना, हे काय करणार?" मी विचारलं.

"कामनी गाडी करसू," नाना म्हणाला. "मिरचीना पोता, खतन्या गोण्या, तुना पाइप. बठ्ठं आम्हीच पोचाडसू."

माझं दोंडाईच्याला पाइपचं दुकान आहे. वीस फुटी पाइप गावोगाव पोचवताना जीव मेटाकुटीला येतो. बंबावर ही लांब शिडी, पाइप बांधायला अगदी नामी. म्हणून मूर्खासारखा मीही कामाला लागलो. माझ्या अंगणात त्या बंबाचं काम सगळा उन्हाळा चाललं. नळ्या ठेवायच्या कप्प्यांत पाने, हातोड्या, ग्रीसचे डबे गेले. मागे पाइप पकडायचा शिकंजा बसला, वेल्डिंगचं मशीन बसलं. इंजिन तर नानाने स्वतः उघडून असं जोडलं, की तीन बोल्ट उरले तरी ते चाललं. रंग अर्धा कमी पडला, म्हणून ट्रॉलीचा हिरवा उरलेला लावला. पुढून लाल आणि मागून हिरवा. उभ्या गाडीकडे बघितलं की देठासकट पिकलेली मिरची वाटते.

आता राहिली मधली टाकी. ती काढली की माल ठेवायला ऐसपैस जागा. मी गॅस कटरवाला बोलावला. नाना टाकीला पाठ लावून उभा राहिला.

"टाकी काढानी नही."

"अहो, मग पोती कुठे ठेवणार?"

"ते दखू. टाकी भरेल ऱ्हावाले पाहिजे."

"कशाला पण?"

"आग काय सांगीसन येस का?"

हे नानाचं ठेवणीतलं वाक्य. काहीही विचारा, उत्तर हेच. टाकी का काढत नाही? आग काय सांगीसन येस का? घंटा कशाला वाजवता? आग काय सांगीसन येस का? एकदा मी चिडून विचारलं, "नाना, तुम्ही जेवलात का?" तर त्याच्या तोंडून तेच निघायला लागलं होतं, मग हसला.

म्हणजे बघा, कामाची गाडी झाली, पण कामाला जागाच नाही. रोज सकाळी नाना विहिरीवर जाऊन टाकी काठोकाठ भरणार आणि ते ओझं दिवसभर इकडून तिकडे फिरवणार. बाकी राहिले माझे पाइप, ते तरी न्यावेत? शिडीवर बांधून दिले एकदा, शिरपूरच्या गिऱ्हाइकासाठी. गावाच्या शिवेपर्यंत नेले आणि तिथे बाभळीखाली उतरवून नाना परत! म्हणे, "आठून पुढे गाडी जात नही."

"जात नाही म्हणजे? पेट्रोल पंप तर पुढेच आहे!"

"डिझेल मी डब्यामा आनस."

असा हा बंब. शिवेच्या आत फिरतो, पाणी वाहतो आणि दिवसातून तीनदा घंटा वाजवतो. सकाळी, जेवणाच्या वेळी आणि दिवेलागणीला. नाना नदीकाठच्या आपल्या शेतात असला तर शेतातून वाजवतो, पण वाजवतो म्हणजे वाजवतोच.

लोक म्हणायचे, नाना आगीला भ्यालाय. त्यालाही कारण होतं. बंब येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात नानाच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. फार नाही, पण फळी जळाली, पत्रा काळा झाला. नाना म्हणाला, "मीच चहा ठेया अन् विसरी गऊ." गावाला तेवढंच पाहिजे होतं. कोणी काही विसरलं की पारावर म्हणायचे, "धुडकूनानाचा चहा झाला!" नाना निमूट ऐकून घ्यायचा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, कारण या माणसाने जन्मात कधी स्वतःच्या हाताने चहा केलेला मी पाहिला नव्हता. हिराअक्का, म्हणजे त्याची बायको, त्याला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही.

सुरुवातीला घंटा वाजली की गल्ली बादल्या घेऊन धावायची. मग धावणं थांबलं. मग शिव्या सुरू झाल्या. पण माझी सहनशक्ती संपली ती भरिताच्या दिवशी.

मुलीचं जमलं होतं. व्याही जळगावचे. आता जळगावचे व्याही म्हणजे भरिताच्या बाबतीत हायकोर्ट. त्यांना भरीत खाऊ घालायचं म्हणजे परीक्षाच. घरामागच्या शेतात मी कपाशीच्या काड्यांचा ढीग रचला, वर हिरवी, बिनकाट्याची, हाताएवढी वांगी लावली आणि पेटवलं. काड्या जरा ओलसर होत्या, धूर जास्त झाला. व्याही पांढरेशुभ्र कपडे घालून बाजेवर बसलेले. "वास बरोबर येतोय," असं म्हणालेसुद्धा. मी जरा कुठे छाती फुगवतोय, तोच नदीकडून ढण ढण ढण ढण!

बंब बांध तोडून आला. नाना उतरला, नळी ओढली, पंप सुरू केला आणि एकही शब्द न बोलता माझं भरीत विझवलं. वांगी पाण्यावर तरंगत पाटापर्यंत गेली. व्याही आधी पांढरे होते, मग राखाडी झाले. विहीणबाईंच्या पुऱ्यांच्या परातीत काळं पाणी.

"नाना!" मी ओरडलो. "अहो डोळे फुटले का तुमचे? भरीत आहे भरीत!"

नानाने नळी सोडली. आधी माझ्याकडे बघितलं, मग वळून स्वतःच्या घराकडे. छप्पर जागच्या जागी होतं. तो तिथेच चिखलात बसला.

"मी तठून... धूर देखा," एवढंच म्हणाला.

मला त्या वेळी त्याच्या धुराचं काय पडलंय? माझी मुलगी चालली होती त्या घरात! व्याही मोठ्या मनाचे निघाले, म्हणून लग्न झालं. पण अजून फोनवर आधी विचारतात, "बंब बरा आहे ना?"

सरपंचबाईंनी बैठक बोलावली. बाई मुद्द्याचं बोलल्या. "रोज घंटा वाजते म्हणून आता कोणी उठत नाही. उद्या खरीच आग लागली तर? घंटा उतरवायची." सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यात जोरात मी डोलावली. मग उतरवणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारी ना तू!

नाना कोणाचं ऐकत नाही, पण हिराअक्काचं ऐकतो, हे गावाला माहीत आहे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि जेवणवेळेच्या आधी अक्काकडे गेलो. नाना शेतात होता.

"ये वामनभाऊ, बैस," अक्का म्हणाली.

वामनभाऊ माझे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. अक्का पहिल्यापासून थट्टेखोर, मी हसलो. भिंतीवरचा पत्रा अजून काळाच होता. अक्काने माझ्यासाठी चहा ठेवला, शेजारच्या शेगडीवर भाकरीसाठी तवा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी घंटेचं बोलायला लागलो. मुलीचं सांगितलं, व्याह्यांचं सांगितलं, अक्का हं हं करत होती. चहा वर आला, उतू गेला, खाली सांडला. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तवा लाल व्हायला आला, बाजूचं फडकं तापून वास यायला लागला, तरी अक्का बाहेरच बघत होती. चेहऱ्यावर काहीच नाही, कोरा. पीठ परातीत तसंच कोरडं.

मी उठलो. "अक्का, अहो—"

ढण ढण ढण!

नदीकडून घंटा आली. आणि अक्का हलली, झोपेतून उठल्यासारखी. पदर डोक्यावर घेतला, ओट्याशी आली, दोन्ही बटणं बंद केली, कट् कट्. फडकं उचलून बाजूला ठेवलं. आणि इतकं गोड हसली म्हणून सांगू!

"घरधनी ऊनात वाटस शेतमातून," म्हणाली. "ताट करस मी."

थोड्या वेळाने बंब दारात आला. नाना आत आला, त्याने सांडलेला चहा बघितला, तवा बघितला, मला बघितलं. गुपचूप फडकं घेऊन ओटा पुसला. मग मला बाहेर घेऊन गेला आणि बंबाच्या पायरीवर बसला.

"तू घंटा काढाले ऊना ना?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

"तिले आते काही याद ऱ्हात नही रे सुभाष. आंडेरनं, सोतानी लेकनं, नाव बी इसरस. पण मी शेतमातून येस म्हणजे सैंपाक झाया पाहिजे, अन् सैंपाक झाया म्हणजे गॅस बंद, एवढं शे डोकामा. ते घंटावर बसाडं मी. घंटा वाजनी म्हणजे मी ऊनू, गॅस बंद."

"मग ती आग—"

"मी कोठे चहा करस?" नाना म्हणाला.

"अहो मग गॅस काढून टाका ना! डबा लावा. फोन द्या तिला. नाहीतर तुम्ही घरी बसा!"

"फोन तिनी पिठना डबामा ठेया, भाकरीसंगे मळनार व्हती. घरमा बसनू तर म्हणस, बाईमाणूसनामायक काय बसनात, शेतमा जा." नाना हसला आणि मग हसायचा थांबला. "अन् गॅस काढू? बठ्ठं गयं तिनं. मनासाठे भाकर टाकस, तेवढंच ऱ्हायनं. ते बी मीच काढी लेऊ का तिनापासून?"

मला राग तर आलाच होता. एवढी वर्षं भिंतीला भिंत, आणि हा माणूस सगळ्या गावाच्या शिव्या खातो, पण तोंड उघडत नाही!

"सांगायचं ना आम्हाला!"

"काय सांगू? सैंपाकमा तिना हात कोणी धरत नव्हतं. गाव काय म्हणी?"

म्हणून शीव ओलांडत नव्हता. शिवेपलीकडून घंटा घरापर्यंत ऐकू येत नाही. आणि माझे पाइप बाभळीखाली.

बैठकीत मी सांगितलं, "बोल्ट गंजलाय, निघत नाही." नाना तो बोल्ट रोज तेल लावून चमकवतो, हे सगळ्या गावाने पाहिलेलं. सरपंचबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढचा विषय घेतला. त्यांना किती कळलं, मी विचारलं नाही.

परवा नानाला डोळा दाखवायला धुळ्याला जावं लागलं. डॉक्टरने एका दिवसाचं सांगितलं होतं. नानाची लेक सासरी अडकलेली. नाना सकाळी माझ्या दारात येऊन उभा, हातात बंबाची किल्ली. मीच ओरडलो, "ठेवा तिथे! जा आता, एसटी चुकेल!"

दुकान बंद ठेवलं. काही चुकू नये म्हणून आमच्या हिला अक्काच्या ओसरीवर मिरच्या निवडायला बसवलं. जेवणवेळ झाली तसा मी बंब नदीकडे नानाच्या शेतात नेला आणि वर घंटेपाशी चढलो. शेजारच्या शेतातले लोक कमरेवर हात ठेवून बघायला लागले. मी, घंटेविरुद्ध मान डोलावणारा मी, घंटा बडवत होतो. "सुभाषभाऊ, आग कुठे लागली?" कोणीतरी ओरडलं. "तुझ्या घरी!" मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

बंब दारात लावला. आत गेलो. गॅस बंद होता. अक्काने पाट मांडला होता, ताट वाढलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली, नवऱ्यासमोर वळवतात तशी.

"हात धुई ल्या. आज उशीर कया."

मी घरून जेवूनच निघालो होतो. हात धुतले आणि बसलो. भाजीत मीठ इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. अक्का समोर बसून बघत होती. मी आणखी भाजी मागून घेतली.

संध्याकाळी नाना एका डोळ्याला पट्टी लावून परत आला. किल्ली घेतली. घंटा हाताने पुसली, जणू मी घाण करून ठेवली होती.

"जेवना का तठे?"

"जेवलो."

"भाजी कशी व्हती?"

"एकदम बरोबर. मीठबीठ सगळं बेताचं."

नाना उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला.

"खोटं बोलस रे," म्हणाला. "मी रोज जेवस तठे."