एका पंक्तीचा रविवार

रविवारी घरातल्या लहानथोरांनी एकाच वेळी, एकाच पंक्तीला, ताजं आणि गरम जेवायचं, असं परशुरामपंतांनी शुक्रवारी कचेरीतून आल्या आल्या, पगडीही न उतरवता जाहीर केलं. साल अठराशे सत्त्याऐंशी, महिना वैशाख, आणि मुक्काम ठाणे. आदल्या संध्याकाळी कल्याणहून आलेल्या एका वक्त्यांचं ‘गृहसौख्य’ या विषयावर व्याख्यान झालं होतं. परशुरामपंत ते पहिल्या रांगेत बसून ऐकून आले होते.

त्यांच्या घरात जेवणं होत ती चार वेळा. सकाळी नवाला मुलांचा मऊ भात, दहाला पंतांचं कचेरीचं जेवण, बारानंतर त्यांच्या विधवा आत्या ठमाबाई यांचं सोवळ्यातलं एकभुक्त, आणि सगळ्यांचं आटोपून चूल सारवल्यावर, दोनच्या सुमाराला सुमतीचं. सुमती म्हणजे पंतांची बायको. घरातला सगळा स्वयंपाक तिच्या हातचा आणि घरातलं सगळं थंड अन्न तिच्या पानातलं. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, पण या घरात तिने गरम भाताचा घास एकदाही खाल्ला नव्हता. नवऱ्याचं बोलणं दाराआडून ऐकलं आणि तिच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटलं. सुधारणा वगैरे तिला कळत नव्हतं. गरम भात कळत होता.

ठमाबाई मात्र बसल्या जागी ताठ झाल्या.

“पोरं ओवळ्यातली, तू सोवळ्यात. एका पंक्तीला बसणार कशी? की व्याख्यानवाल्याने तेही सांगितलंय?”

“मुलांनाही सोवळं नेसवू, आत्या.”

“त्यांच्या मापाचं सोवळं कुणी विणून ठेवलंय?”

पंत अडले. तोडगा शेवटी ठमाबाईंनीच काढला, कारण शास्त्राच्या बाबतीत दुसऱ्या कुणी काही काढलेलं त्यांना चालत नसे. लोकरीला विटाळ नाही. त्यांच्या जुन्या धाबळीचे दोन तुकडे करायचे, मुलांना आंघोळ घालून त्यांत गुंडाळायचं आणि पाटावर बसवायचं. वैशाखात ठाण्याला लोकर गुंडाळून बसणं कसं लागतं, याचा विचार त्यांनी केला नाही. त्यांना ती स्वतःला गुंडाळायची नव्हती.

राहिला प्रश्न पदार्थाचा. ठमाबाईंसमोर नवराबायको एकमेकांशी बोलत नसत. मधे त्यांची नऊ वर्षांची मुलगी उत्तरा उभी केली जाई.

“उत्तरे, आत सांग, वालाचं बिरडं कर. झणझणीत.”

“उत्तरे, भाऊंना म्हणावं, झणझणीत केलं तर बाळ एक घासही खायचा नाही.” मुलं वडिलांना भाऊ म्हणत आणि बाळ पाच वर्षांचा होता.

“मग आत सांग, अळणी बिरडं आम्ही खाणार नाही.”

उत्तरा दारात उभी राहून दोन्हीकडे मान वळवत होती. निरोप द्यायची गरजच नव्हती, सगळं सगळ्यांना ऐकू येत होतं. शेवटी सुमतीने मार्ग काढला. बिरडं ओलं खोबरं, गूळ आणि कोकम घालून मुलांच्या जिभेला मानवेल असं करायचं आणि मोठ्यांच्या पानात डावीकडे तळलेली सांडगी मिरची वाढायची. ही युक्ती पंतांना इतकी पसंत पडली की शनिवारी त्यांनी ती कचेरीत स्वतःची म्हणून सांगितली.

रविवारी सुमती पहाटेच उठली. मोड आलेले वाल सोलले, नारळ खवला, आणि साडेअकराला देवाला नैवेद्य झाला तेव्हा घरभर बिरड्याचा वास होता. ओळीने पाच पानं मांडली. ठमाबाईंचं पान दोन हात लांब, भिंतीकडे. वाढून झाल्यावर भाताचं पातेलं शेजारी ठेवून सुमतीनेही बसायचं ठरलं होतं. पंतांनी सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून बाळला स्वतः उचलून पाटावर बसवलं, आत्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि प्रसन्न चेहऱ्याने पंक्तीकडे पाहिलं.

बाळ खाजवत होता. आधी मान, मग पाठ, मग धाबळीच्या आत हात घालून पोट.

“अरे, तुझ्या धाबळीच्या आत पांढरं काय दिसतंय?” ठमाबाईंनी विचारलं.

“बंडी.”

“बंडी? शिवलेली? कालची?”

“धाबळी टोचते म्हणून ताईने घातली,” बाळ म्हणाला. उत्तरा पानाच्या शिरा मोजू लागली.

पुढची चौकशी कचेरीला शोभेल अशी झाली. बंडी ओवळी, म्हणून बाळ ओवळा. बाळला उचललं पंतांनी, म्हणून पंत ओवळे. पंतांच्या हातचा तांब्या घेतला ठमाबाईंनी. चुलीपाशी असलेली सुमती तेवढी बचावली होती, म्हणून अन्न शाबूत राहिलं. बाकीच्या सगळ्यांनी उठून विहिरीवर जायचं ठरलं. बंडी मागच्या ओटीवर भिरकावली गेली.

सगळे ओलेत्याने परत येईपर्यंत भात निवला. तो झाकून ठेवून सुमतीने दुसरा टाकला. आता पुन्हा पानं, पुन्हा पाट. साडेबारा झाले होते. ठमाबाई कालच्या दुपारनंतर जेवल्या नव्हत्या आणि विहिरीचा रहाट ओढून दमल्या होत्या, पण ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

“उत्तरे, आत सांग, वाढायला हरकत नाही,” पंत म्हणाले.

बिरडं वाढलं. मिरच्या वाढल्या. सुमती वाफाळतं पातेलं घेऊन आत्याबाईंच्या पानाशी आली, तेवढ्यात मोठे लोक डावीकडे असं काय चांगलं खातात ते पाहावं म्हणून बाळने वडिलांच्या पानातली मिरची उचलून अख्खी तोंडात टाकली.

किंकाळी इतकी मोठी होती की शेजारच्या अंगणात कुणीतरी “काय झालं?” म्हणून ओरडलं. बाळ उठून मागच्या ओटीवर धावला. तिथे पाणी नव्हतं, पण बंडी होती. त्या बंडीनेच त्याने जीभ खसाखसा पुसली, आणि तिथे जवळ घ्यायला कुणी नाही म्हणून बंडी हातात धरूनच परत आला आणि सरळ आत्याआजीच्या मांडीवर कोसळला.

“अगं बाई! शिवला मेला!” म्हणत ठमाबाई उठायला गेल्या, तोल गेला आणि आधारासाठी त्यांनी सुमतीचा दंड धरला. सुमतीच्या हातात भाताचं पातेलं होतं.

बाळ हुंदके देत होता. पंतांनी पान ओलांडून आत्यांना हात देऊन बसतं केलं, आणि आपणही शिवलो हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. सुमतीने पातेल्यातल्या भाताकडे पाहिलं. वाफ अजून वर येत होती. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

“आंघोळ करून तिसरा टाकते,” ती म्हणाली. “तुम्हीही करून या.”

ठमाबाई उठल्या नाहीत. त्यांनी विहिरीच्या दिशेला पाहिलं, मग पातेल्याकडे, मग पुन्हा विहिरीकडे. बाळ अजून मांडीवरच होता.

“नैवेद्य झालाय ना?” त्यांनी विचारलं.

“केव्हाच.”

“म्हणजे देव जेवला. आणि आता या घरात शिवायचं कोण राहिलंय?” त्यांनी बोटांवर मोजलं. “मी शिवले, तू शिवलीस, हा तुझा नवरा शिवला, पोरं तर होतीच. भात शिवला. ओवळ्याला ओवळा काय शिवणार? वाढ.”

“पण आत्या, शास्त्र—” पंतांनी तोंड उघडलं.

“शास्त्र मला शिकवू नकोस. बस खाली. आणि सुमती, ते पातेलं इथे मधे ठेव नि तूही बस. ज्याला हवा तो हाताने घेईल.”

सुमती बसली. भात घेतला, वर बिरडं घेतलं, आणि पहिला घास इतका गरम होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आईलापण मिरची लागली!” बाळ आनंदाने ओरडला.

आत्याबाई त्या दिवशी दोनदा भात मागून जेवल्या. भिंतीकडे तोंड करून तीस वर्षं जेवलेल्या बाईला बोलायला माणसं मिळाली होती. त्या बाळला वालाची सालं कशी काढायची ते सांगत होत्या आणि उत्तरा त्यांना हसत होती. गूळ जरा जास्त पडलाय, असंही त्यांनी सांगितलं. पंत मात्र खाली मान घालून जेवत होते. गृहसौख्याचा विटाळाशी इतका निकटचा संबंध असेल, असं व्याख्यानात आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी कळवलं, “उत्तरे, आत सांग, रविवारचं ते राहू दे. नेहमीसारखंच करा. घरात धर्म राहिला पाहिजे.” सुमती ते ऐकून कढीलिंब निवडत राहिली.

रविवारी मुलांना मात्र नऊला भूकच नव्हती, आणि पंतांना कचेरी नव्हती. साडेअकराला नैवेद्य झाला. सुमतीने भात उतरवून एकट्या पंतांचं पान मांडलं. ठमाबाई सोवळ्यात बाहेर आल्या, ते एकटं पान पाहिलं, आणि ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या.

“बाळ्या, इकडे ये.”

आठवडाभर ‘शिवू नको’ ऐकलेला बाळ दोन्ही हात पाठीमागे घेऊन आला.

“बंडी घातलीयेस ना? शीव मला.”

“आई ओरडेल.”

“मी सांगते ना, शीव. हं. आता जा, तुझ्या आईला शीव, मग बापाला शिवून ये. पळ लवकर, भात निवतोय.”