एक वाजताचा सत्कार

रहिमानभाई तांबोळींनी अर्जात दोनच गोष्टी मागितल्या होत्या. दुपारी एकला अर्धा तास जेवण आणि हाताखाली एक माणूस. तासगावातल्या त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कुणाचा माल कुठल्या खोलीत, हे सांभाळायचं तिघांचं काम ते चार वर्षं एकटे ओढत होते. मधुमेह बारा वर्षांचा. इन्सुलिन टोचायचं आणि लगेच जेवायचं, नाहीतर साखर उतरून माणूस कोसळतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण घास तोंडाशी गेला की दारात ट्रक हजर. हल्ली सकाळी चपला घालतानाच त्यांचं अंग गळायचं आणि दातओठ आपोआप खाल्ले जायचे. वेळेवर खायला मिळत होतं ते तेवढंच.

मॅनेजर वीरधवलसाहेबांनी अर्ज वाचला आणि डोळे पुसले.

"बारा वर्षं शुगर, आन एक रजा न्हाई! भाई, तुमचा सत्कार करायला पायजे!"

"सत्कार नको साहेब, माणूस द्या."

"माणसं छप्पन मिळतील वो. असा वाघ कुठं मिळतोय?"

गुरुवारी गेटावर फ्लेक्स लागला. 'आजाराला लोळवणारा आमचा वाघ'. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळं वाघ नुकताच पकडून आणल्यासारखा दिसत होता.

पावणेएकला भाईंनी सुई टोचली, डबा उघडला, तोच जोतीराम हमालानं दंड धरला. "चला भाई, पाच मिंटाचं काम हाय. फेटेवाला खोळंबलाय."

फेटा झाला. प्रमुख पाहुणे कराडहून निघाले होते, आणि त्यांच्याशिवाय नारळ द्यायचा कसा? ते दोनला उगवले आणि 'थोडक्यात' म्हणून बोलायला उभे राहिले. भाईंना दरदरून घाम फुटला. हात लटलट कापू लागले.

"भाई भारावले!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

"पेढा... पेढा द्या," भाई पुटपुटले.

ताट घेऊन निघालेली ऑफिसातली पल्लवी दचकली. "आवं, शुगर हाय न्हवं तुमाला? पेढा म्हंजे इख!"

"साखर उतरलीया माजी! दे हिकडं!"

पाच हातांनी ताट मागं ओढलं. बारा वर्षांत ज्यांनी एकदा विचारलं नव्हतं, त्या सगळ्यांना एकदम काळजी फुटली. साहेब माइकवर गहिवरले, "बघा, मोह कसा असतो! पण आपण त्यांना सांभाळायचं!"

मग मात्र भाई उठले. ताट हिसकावलं आणि माइकसमोरच सुरू झाले. "ह्यो चार वर्षांचा!" एक पेढा गेला. "ह्यो थंड झालेल्या डब्यांचा! ह्यो तुमच्या वाघाचा! आन ह्यो ह्या पाव्हण्याच्या भाषणाचा!" सात पेढ्यांनंतर हातांचं कापणं थांबलं आणि डोळ्यांपुढची अंधारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी पत्र आलं. 'आपण सर्वांसमक्ष सात पेढे खाऊनही ठणठणीत राहिलात. सबब आपला आजार संशयास्पद आहे. सांगलीहून वैद्यकीय अहवाल येईपर्यंत पगारी रजेवर राहावे. कामावर येऊ नये.'

भाईंची बायको अख्तरबी भडकल्या. "खोटारडं ठरवलं तुमाला! जावा, भांडा जाऊन!"

"भांडतो की. आदी वाढ."

सव्वा एकला फोन वाजला. साहेबांचा आवाज रडवेला होता. "भाई, तुमच्या जागंवर तिघं बसवल्यात, तरी कुणाचा माल कुठल्या खोलीत हाय त्ये गावंना! सांगा की वो!"

"आसं कसं साहेब? खोटारड्या माणसाच्या सांगण्यावर माल हलवताय व्हय? अहवाल येऊ द्या."

आणि भाईंनी दुसरी भाकरी मोडली.