दोन श्रावण आणि एक ट्रक

हैदराबादेत अंडी शेकड्याला सव्वीस रुपयांवर उतरली आणि नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात अंड्यांचा व्यापार करणाऱ्या गिरिधरचं चित्त थाऱ्यावर राहिना. नागपूरला अंडी यायची ती तिकडूनच. श्रावण संपल्या संपल्या जो पहिला ट्रक आणेल, त्याचा बाजार! पण श्रावण संपतो कधी? घरी बायकोला, शामलाला विचारायची सोय नव्हती. श्रावणात अंड्यांचं नाव काढलं तरी ती अंगावर यायची. म्हणून त्यानं पानठेल्यावरच्या, उत्तरेकडून आलेल्या भैयाजीला विचारलं.

"राखी के दिन खतम! और क्या!" भैयाजी म्हणाला.

आता नागपुरात जन्म गेलेल्या माणसाला आपला श्रावण पोळ्याला संपतो हे ठाऊक नसावं? होतं हो! पण सव्वीसचा भाव ऐकला आणि डोक्यातून पोळा, बैल, सगळंच गेलं. त्यानं हैदराबादला ट्रकसाठी तार ठोकली.

राखीच्या दुसऱ्या दिवशी चाळीस हजार अंडी दारात उतरली. शामलानं कपाळावर हात मारला. "काहून जी, तुमच्या डोक्यात काही हाये का नाही? पोळ्याले अजून पंधरा दिवस हायेत! हा माल सडला, तर उमरेडले माह्या भावाच्या दुकानात लुगडी विका. अंड्याचा धंदा बंद!"

 मेव्हण्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा मेलेलं बरं! गिरिधर शहरभर वणवण फिरला. ट्रे सोडा, कुणी अंडंसुद्धा घेईना. बाजारातले सर्वांत जुने व्यापारी दादाजी तर पोट धरून हसले. "पोळ्यापर्यंत ठेव गा, पिल्लं निघतील!"

तणतणत गिरिधर भैयाजीच्या ठेल्यावर गेला. आज याच्या सात पिढ्या उद्धरायच्याच! पण त्यानं तोंड उघडायच्या आत भैयाजीच करवादला, "अरे, क्या शहर है! हमारा सावन खतम हुआ, और कहीं एक अंडा नहीं! कन्हान की खदान में भाई की कँटीन है. चार सौ आदमी महीनेभर से रुके बैठे हैं!"

जिभेवर आलेली शिवी गिरिधरनं तशीच गिळली. "किती पाठवू?" त्यानं विचारलं.

पोळ्याआधी माल मागवायचा नाही, हा सगळ्या मराठी व्यापाऱ्यांचा शिरस्ता. त्यामुळे हिंदी मुलखातून आलेल्या गिऱ्हाइकांना अख्ख्या नागपुरात गिरिधरशिवाय वाली नव्हता. कन्हानमागून कामठी आली, मग धाब्यावरचे ट्रकवाले. सव्वीसचा माल चाळीसनं गेला! पाचव्या दिवशी गोदामात नुसतं तणस उरलं.

"कसं समजलं गा तुले?" दादाजींनी विचारलं.

"अनुभव लागते, दादाजी," गिरिधर मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

घरी शामलाही खुशीत होती. "उमरेडचं राहू द्या आता. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले भाऊ जेवाले येऊन राहिला. त्याले अंड्याचा रस्सा लय आवडते. घरासाठी एखादा ट्रे ठेवला ना?"

 गिरिधरनं एक अंडं ठेवलं असेल तर शपथ!

करीच्या सकाळी दादाजींच्या दुकानापुढे ही गर्दी! रांगेत गिरिधर, हातात पिशवी.

"काय भाव?" त्यानं खाली बघत विचारलं.

"लोकांले बेचाळीस," दादाजी म्हणाले. "तुले पन्नास. अनुभव हाये ना तुले!"

गिरिधरनं पन्नासच्या भावानं पैसे मोजले.